चार-पाच प्राध्यापक मिळून स्वतःची मोफत ऑनलाइन शोधपत्रिका चालवू शकतात का?

तुम्ही विचारलंय की वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत, अशी शोधपत्रिका कॉलेजातल्या चार-पाच जणांनी काढायची म्हटली तर खर्च किती येईल आणि ती टिकेल का.

खर्च झेपेल. माणसं पुरतील का, ते आधी बघा. मी गेली काही वर्षं सामाजिक शास्त्रांतल्या एका द्वैभाषिक षण्मासिकाच्या संपादनात आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पैशाचं आधी संपवतो. सॉफ्टवेअर म्हणून बहुतेक सगळे ओजेएस, म्हणजे ओपन जर्नल सिस्टम्स वापरतात. कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं आहे, फुकट आहे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दिल्लीहून मिळतो, त्यालाही पैसे पडत नाहीत. कुणी एजंट 'काढून देतो' म्हणाला तर फोन ठेवून द्या. डोमेन आणि होस्टिंगचे आम्हाला वर्षाला सात-आठ हजार लागतात, ते आम्ही वर्गणी काढून भरतो. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, हवा असेल तर वार्षिक वर्गणी आणि शिवाय लेखामागे साधारण एक डॉलर. झालं.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगतो. अशा चर्चेत 'जेएमएलआर'चं उदाहरण हमखास निघतं. २००१ साली एका व्यावसायिक प्रकाशकाच्या 'मशीन लर्निंग' या पत्रिकेच्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी राजीनामे दिले आणि आपण नव्या, मोफत 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च'च्या मागे उभे आहोत असं जाहीर केलं. ती पत्रिका आज त्या विषयातल्या अव्वल पत्रिकांत आहे. पण तिचे लेखक संगणकशास्त्राचे. ते लेख लॅटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच जुळवून, पान न् पान तयार करून पाठवतात. आपल्याकडे काय येतं? श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप केलेली वर्ड फाइल. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणली की 'वर्ग'चा 'वगर्' होतो, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकते आणि तळटिपा तर कुठेही जाऊन बसतात. एकदा जातिव्यवस्थेवरचा बावीस पानी लेख आला होता. नुसते रफार जागेवर आणायला माझ्या दोन रात्री गेल्या. लेखकाला म्हटलं युनिकोडमध्ये द्या, तर ते म्हणाले, 'टायपिस्टला विचारतो.' तसाच पीडीएफ चढवला असता तर वाचणाऱ्याला दिसला असता, पण गूगलमध्ये शोधून कुणालाही सापडला नसता. मग मोफत ठेवून उपयोग काय? म्हणून आता आम्ही युनिकोड नसलेला लेख उघडतच नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हा नियम करा, शिव्या खायची तयारी ठेवून.

दुसरं म्हणजे परीक्षक, म्हणजे लेख छापण्याआधी तो तपासणारे त्या विषयातले जाणकार. एका लेखाला दोन परीक्षक मिळवायला आम्हाला सरासरी सात-आठ जणांना लिहावं लागतं. निम्मे उत्तर देत नाहीत. होकार देणारे परीक्षेच्या पेपर तपासणीत अडकतात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कमिटी येते, निवडणुकीची ड्युटी लागते. या कामाचं कुणालाही मानधन नाही, त्यामुळे तगादाही हात जोडूनच लावावा लागतो. आमच्यातल्या एक मॅडम दर सोमवारी फक्त हेच करतात. त्या आहेत म्हणून अंक निघतो, असं म्हटलं तरी चालेल.

तिसरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच: 'यूजीसीला चालते का?' २०१८ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्या मान्य पत्रिकांच्या यादीतून ४,३०५ पत्रिका एका फटक्यात काढल्या. मग तिच्या जागी 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं आणि दर्जा बघायचं काम संस्थांवर आलं. तरी फोन येतातच: 'सर, पंचवीस तारखेला माझा इंटरव्ह्यू आहे, त्याआधी लेख छापून येईल का?' माणूस खोटा नसतो, त्याची बढती खरंच अडकलेली असते. नाही म्हणताना वाईट वाटतं. पण एकदा हो म्हणालात की पुढच्या महिन्यात तसे दहा येतील, आणि त्यातला एक जण पैसे किती हेही विचारेल.

हे सगळं महाराष्ट्रात नवीन आहे असंही नाही. परळच्या के.ई.एम. आणि सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांची स्टाफ सोसायटी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवते. ओपीडी सांभाळून. मुंबईतूनच निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'ही वाचायला मोफत आहे. मात्र दोन्हींच्या मागे एकेक संस्था आहे, चार मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. तुमच्यात निदान एक नोंदणीकृत मंडळ तरी करून घ्या, नाहीतर पत्रिकेच्या नावाने बँकेत खातं उघडणंही अवघड जाईल.

आणि जतन. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मोफत पत्रिका इंटरनेटवरून पार नाहीशा झाल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. आमचीही होता होता राहिली. ओजेएसची जुनी आवृत्ती आम्ही वर्षभर अद्ययावत केली नव्हती, आणि एके सकाळी 'मागील अंक' दाबल्यावर जुगाराची जाहिरात उघडली. बॅकअप होता, पण सर्व्हरचा पासवर्ड एकट्या एका सरांकडे, आणि ते निवृत्त होऊन मुलीकडे कॅनडात गेलेले. व्हॉट्सॲपवर उत्तर यायला अकरा दिवस लागले. तोवर जो लेख मागेल त्याला मी ईमेलने पाठवत होतो. आता पासवर्ड तिघांकडे आहे आणि अंक ओजेएसवाल्यांच्याच मोफत जतन-जाळ्यात जातात.