तुमचे प्रश्न : कॉम्प्युटरला टीव्ही जोडावा की मॉनिटर?

प्रश्न : मुलीचा अभ्यास, शेतीचा हिशेब आणि गावातल्या लोकांचे सातबारे, ऑनलाइन अर्ज यासाठी कॉम्प्युटर घेतो आहे. ३२ इंची टीव्ही आणि २४ इंची मॉनिटर यांच्या किमतीत फारसा फरक दिसत नाही. मग मोठा टीव्हीच का घेऊ नये?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : हे सगळं वाचायचं काम आहे. मॉनिटर घ्या.

३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे १३६६ × ७६८ पिक्सेल (चित्र बनवणारे बारीक ठिपके). २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० × १०८० असतात. इंचामागे हिशेब केला तर टीव्हीवर ४९ आणि मॉनिटरवर ९२ पिक्सेल येतात. दोन फुटांवरून पाहताना हा फरक लगेच कळतो : सातबाऱ्यातल्या बारीक अक्षरांचे रफार आणि अनुस्वार टीव्हीवर चिकटतात, गट नंबरात १ आहे की ९ ते डोळे ताणून पाहावं लागतं. दुकानदार ‘फुल एचडी चालतं’ म्हणेल. चालतं, पण आलेलं चित्र टीव्ही आपल्या कमी पिक्सेलमध्ये कोंबतो, त्यामुळे अक्षर आणखी बिघडतं. खोक्यावर ‘रिझोल्युशन’ पुढे काय छापलंय तेवढं बघा.

लाइन जाण्याचा त्रास असेल तर आणखी एक फायदा. असा मॉनिटर साधारण २०-२५ वॅट घेतो, ३२ इंची टीव्ही त्याच्या दुप्पट. ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसवर (लाइन गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा) फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. मात्र बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात, तो खर्च धरा. जुना सीपीयू घेणार असाल आणि त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं चित्राचं) पोर्ट असेल, तर मॉनिटरलाही व्हीजीए पाहिजे.

घरच्या सगळ्यांनी पाच-सहा फुटांवर बसून व्हिडिओ पाहायचे असते, तर टीव्ही चांगला होता. ४३ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलच्या) टीव्हीवर अक्षरंही स्वच्छ दिसतात, पण टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) २.० लागतं. जुन्या १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माऊस रखडल्यासारखा वाटतो.

प्रश्न : घरचा फुल एचडी टीव्ही जोडला, तर खालची टास्कबार कापली जाते आणि लाल अक्षरं फिसकटतात.
– ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कडा कापणं ही टीव्हीची जुनी सवय आहे, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ असं काही असेल, ते निवडा. मग त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करा. बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानं रंगांचा पूर्ण तपशील मिळू लागतो, एरवी टीव्ही तो अर्धा करतो म्हणूनच लाल रंग पसरतो. शार्पनेसही कमी करा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी कड येते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० × १०८० ठेवा.

प्रश्न : एचडीएमआयची पिन लावताना हाताला झिणझिण्या येतात.
– ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : अर्थिंग नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचा बारीक करंट अर्थकडे जायला हवा. वाट नसली की कॅबिनेटवर घरच्या विजेच्या जवळपास निम्मा व्होल्टेज उभा राहतो. करंट थोडाच असतो, पण पिन लावताना एचडीएमआय पोर्ट जाऊ शकतो. तूर्त टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हींचे प्लग आणि डिशची केबल काढूनच पिन लावा. वायरमनकडून खड्डा करून खरं अर्थिंग घ्या. बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात, ते मुळीच करू देऊ नका : न्यूट्रल तुटला तर पूर्ण फेज कॅबिनेटवर येते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मार्चपासून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा.