गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं वाच

क्रँकचं मागचं सील (इंजिनचा मुख्य दांडा गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो तिथली तेल अडवणारी कडी) बदलायला निघाला आहेस, पण गळती तिथूनच आहे हे नक्की बघितलंस का? व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा ऑइल प्रेशर स्विच गळत असला तरी तेल मागून ओघळत बेलहाउसिंगखालीच (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) टपकतं. आधी इंजिन धुऊन कोरडं कर, दोन दिवस गाडी चालव, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत ये. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपास. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं.

सील स्वस्त, मेहनत सगळी गिअरबॉक्स उतरवण्याची. म्हणून क्लचप्लेट झिजली असेल तर आत्ताच बदल. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच.

जुनं सील काढताना स्क्रूड्रायव्हर क्रँकला घासू देऊ नकोस. माझ्याकडून एकदा केसाएवढा ओरखडा गेला आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं. शाफ्टवर नख फिरव. खाच लागली तर नवं सील एखाद मिलिमीटर अलीकडे बसव, म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी आतली कड) कोऱ्या जागेवर येतो. सीलच्या ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती इंजिनकडे. रबरी ओठाला इंजिन ऑइलचं बोट फिरव. टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं. हातोडी थेट नको, सीलच्या मापाचा पाइप धरून चहूबाजूंनी हलके ठोके दे.

फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) बोल्ट नवे घे, आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलप्रमाणेच.