सरकारी सॉफ्टवेअर प्रकल्प पहिल्याच दिवशी का कोलमडतात?

अचानक गर्दी झाली, असं कारण दिलं जातं. पण दुखणं बहुधा त्याच्या कितीतरी आधीपासून असतं. अमेरिकेची ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही आरोग्यविम्याची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची.

सुरू करण्याची तारीख ठरलेली होती, नियम मात्र उशिरापर्यंत बदलत राहिले. काम डझनावारी कंत्राटदारांत वाटलेलं, आणि सगळे तुकडे जोडल्यावर चालतात का, याची जबाबदारी घेणारं सक्षम कुणी नाही. एकत्रित चाचणी सुरू झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत! त्यात आयत्या वेळचा एक निर्णय: योजना पाहण्याआधीच खातं उघडायला लावायचं. म्हणजे नुसती चौकशी करायला आलेला माणूसही खातं उघडण्याच्या त्याच रांगेत. तिथेच सगळं तुंबलं. माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हाच निर्णय, कारण तो सहज टाळता आला असता.

सावरलं कसं? समन्वय एकाच कंपनीकडे दिला, बाहेरून अनुभवी इंजिनिअर आणले आणि साइटवर देखरेख ठेवणारी साधनं बसवली. तोवर नेमकं कुठे अडतंय हे धड दिसतही नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत साइट एका वेळी ५०,००० लोक पेलू शकते, असं सरकारने जाहीर केलं.