सीआरटीनंतरही (हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकत्र चालवणारा पेसमेकर) वडिलांना धाप लागते. डावी लीड (डाव्या कप्प्याला वीज पोचवणारी तार) चुकीच्या जागी असेल का?

प्रश्न असा: वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के, नाशिकमध्ये सीआरटी बसवून सहा महिने झाले, पण फरक नाही.

जागा चुकलेली असू शकते, पण आधी ओपीडीत डिव्हाइस तपासून घ्या. दोन्ही बाजूंचं पेसिंग (यंत्राने चालवलेले ठोके) ९८ टक्क्यांच्या खाली असेल तर बहुधा एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित लय) किंवा जादा ठोके आड येत असतात. तिथे लीड हलवून काही साधत नाही.

पेसिंग नीट असेल तर १२ लीडचा ईसीजी आणि छातीचा एक्स-रे, समोरून व बाजूनेही, काढा. बाजूचा एक्स-रे टाळू नका. लीड पुढे आहे की मागे, ते त्यातच कळतं. ती कोरोनरी सायनसमधून (हृदयाची मुख्य शीर) डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या-मागच्या भिंतीवरच्या शिरेत हवी. पुढच्या शिरेत किंवा थेट अपेक्सपाशी (हृदयाच्या खालच्या टोकाशी) गेली तर फायदा घटतो; जुन्या अटॅकच्या व्रणावर असली तरी तसंच. डॉक्टरांना क्यू-एलव्ही विचारा: क्यूआरएस (ईसीजीवरची खालच्या कप्प्यांची लहर) सुरू झाल्यापासून लीडपाशी लहर पोचायला ९५ मिलिसेकंदांहून जास्त लागत असेल तर जागा चांगली.

लीड चार इलेक्ट्रोडची आहे का? मग दुसऱ्या जोडीवरून पेसिंग करून पाहता येतं, चिरफाड न करता. पोटात उचकीसारखे झटके बसत असतील तर तेही बहुतेकदा याने थांबतात. पुन्हा पॉकेट (छातीत यंत्र ठेवलेली जागा) उघडलं की इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून ते शेवटी. योग्य शीरच नसेल तर लेफ्ट बंडल पेसिंगबद्दल (हृदयाच्या स्वतःच्या डाव्या विद्युतमार्गालाच पेसिंग) विचारा.