न जुळणारं रीडिंग

मोठ्या शास्त्रज्ञांमध्ये आणि संशोधकांमध्ये कोणते गुण सारखे असतात, असं तुम्ही विचारलंय. मी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे माझं उत्तर थोडं ब्युरेटच्या (द्रव मोजायच्या काचेच्या नळीच्या) बाजूने येणार. बुद्धी, चिकाटी, कुतूहल हवंच, पण चिकाटीची माणसं गावोगाव भेटतात. या मंडळींत मला ठळक दिसतं ते एकच: आकडा जुळला नाही की त्यांना चैन पडत नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होता. 1892 च्या सुमारास त्याला आढळलं की हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन अमोनियाच्या मदतीने केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो. फरक हजारात एक. आमच्या लॅबमध्ये एवढ्या फरकाला पैकीच्या पैकी मार्क मिळतात! रॅलेने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून इतरांना कारण विचारलं आणि स्वतः तो फरक मुद्दाम वाढवायच्या मागे लागला. अमोनियाबरोबर हवाही वापरलेली होती, म्हणजे त्या नायट्रोजनमध्ये हवेतलाही वाटा होताच. त्याने हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन घेतला, तेव्हा सगळा नायट्रोजन अमोनियाचाच आला आणि तफावत दोनशेत एक झाली. आता हाताची चूक म्हणून ती सोडून देण्याची सोय उरली नाही. 1894 मध्ये त्याने आणि विल्यम रॅमसेने जाहीर केलं की हवेत आणखी एक वायू आहे. तो आर्गॉन. हवेचा जवळपास 1 टक्का, प्रत्येक श्वासात आपल्या आत जाणारा, आणि तोवर कोणालाच ठाऊक नसलेला. मला आजही हे शिकवताना अंगावर काटा येतो.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मंगळासाठी वर्तुळाकार कक्षा बसवली होती, पण त्याच्या आधीचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याच्या निरीक्षणांशी 8 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक राहिला. म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढा. टायकोची निरीक्षणं दुर्बिणीशिवायची, तरी तो एवढा चुकणार नाही याची केप्लरला खात्री होती. त्याने स्वतःचं गणितच मोडीत काढलं. 1609 मध्ये मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा जगापुढे आली.

यंत्रं बनवणाऱ्यांतही हेच दिसतं. राइट बंधूंचं 1901 चं ग्लायडर हिशेबापेक्षा फारच कमी उचल देत होतं. तेव्हा हिशेबासाठी सगळे वापरत तेच आकडे त्यांनी संशयाने पाहिले, डेटनच्या आपल्या सायकलच्या दुकानात छोटा विंड टनेल (वाऱ्याचा झोत सोडून पंख तपासायचा बोगदा) बांधला आणि पंखांचे सुमारे 200 नमुने तपासले. 17 डिसेंबर 1903 ला विमान उडालं ते या मोजमापांच्या जोरावर.

स्वभावात मात्र साम्य शोधू नका. न्यूटन एकलकोंडा होता, तर फॅरेडे मुलांसाठी हौसेने नाताळची व्याख्यानं देई.

आमची मुलं दोन रीडिंग जुळली की तिसरं जुळवूनच लिहितात. न जुळणारंही जर्नलमध्ये राहू द्या, असं मी त्यांना सांगते आणि रॅलेच्या आधीच्या हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाची गोष्ट ऐकवते. 1785 मध्ये त्याने हवेत विजेच्या ठिणग्या पाडत नायट्रोजन संपवत आणला. शेवटी एक बारीक बुडबुडा उरला, सगळ्या नायट्रोजनच्या जास्तीत जास्त 120 वा भाग. तो काय आहे हे त्याला उमगलं नाही, पण त्याने तो लिहून ठेवला. शंभराहून अधिक वर्षांनी रॅलेने तोच प्रयोग पुन्हा केला, आणि बुडबुडा पुन्हा उरला.