जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट आज पुन्हा पाहण्याजोगे आहेत का, आणि त्यासाठी क्रिकेट कळावे लागते का?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे माझे उत्तर असे की, निवडून पाहिले तर हे चित्रपट आजही उत्तम रंगतात. क्रिकेट न कळल्याने त्यांतले हसू कमी होत नाही. मात्र ज्या समाजावर ते हसतात, तो समाज क्रिकेटमधल्या भांडणांतून अधिक लवकर उमगतो.

पश्चिम लंडनमधल्या ईलिंग स्टुडिओने मायकेल बाल्कन यांच्या कारकिर्दीत काढलेले चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिले. नियम आणि शिष्टाचार अक्षरशः पाळत गेले तर माणसे कुठवर जाऊन पोहोचतात, हा त्यांतल्या विनोदाचा गाभा आहे. ‘पासपोर्ट टु पिम्लिको’ (१९४९) मध्ये युद्धातला एक बाँब उशिरा फुटतो, त्यातून जुनी सनद हाती लागते आणि लंडनची एक वस्ती कायद्याने बर्गंडी या जुन्या युरोपीय सरदारी राज्याची ठरते. मग रेशनिंगला विटलेले रहिवासी आनंदाने परदेशी होतात आणि सरकारही तितक्याच गांभीर्याने त्यांच्याभोवती सरहद्द आखते. त्याच वर्षीच्या रॉबर्ट हेमर दिग्दर्शित ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’चा नायक सरदारकी मिळवण्यासाठी वाटेतल्या वारसांचा काटा काढतो, पण त्याची अदब शेवटपर्यंत ढळत नाही. त्या घराण्यातल्या आठ व्यक्ती एकट्या अ‍ॅलेक गिनेस यांनी साकारल्या आहेत. त्यातल्या एका बालगीतातला वंशद्वेषी शब्द मात्र आज कानाला बोचतो, आणि तो बोचायलाच हवा.

‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) हा खरे तर हिचकॉक यांचा रहस्यपट. परंतु त्यातले चार्टर्स आणि कॅल्डिकॉट हे दोन क्रिकेटवेडे प्रवासी कोणत्याही विनोदी चित्रपटाला भारी पडतात. युरोप पेटण्याच्या बेतात असताना त्यांना घोर आहे तो मँचेस्टरच्या कसोटीचा, आणि घरी पोहोचल्यावर कळते की ती कसोटीच रद्द झाली आहे. गंमत अशी की त्याच वर्षी मँचेस्टरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाली होती.

या जोडीचे वेड अतिशयोक्त वाटत असेल, तर १९३२-३३ चे बॉडीलाइन प्रकरण आठवावे. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेल्या, डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंड संघाने लेग बाजूला (फलंदाजाच्या पायांकडच्या बाजूला) क्षेत्ररक्षकांची दाटी करून फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने वेगवान, आखूड टप्प्याचे चेंडू टाकले. त्यात नियमभंग नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने ‘खिलाडूवृत्तीला न शोभणारे’ अशा आशयाची तार पाठवली, तेव्हा फलंदाजांच्या दुखापतींपेक्षा एमसीसीला, म्हणजे तेव्हा इंग्लंडचे क्रिकेट चालवणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबला, तो शब्दच अधिक झोंबला. पुढे जे घडले ते हेमर यांच्या लेखणीला साजेसे होते. मुंबईत जन्मलेले, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हौशी (मानधन न घेणारे) खेळाडू जार्डिन १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर, भारतातल्या पहिल्याच कसोटीत, इंग्लंडचे कर्णधार म्हणून उतरले. आणि त्यांच्याच आज्ञेने गोलंदाजी करून ३३ बळी घेणारे खाणकामगार हॅरल्ड लारवुड माफी मागायला तयार झाले नाहीत, म्हणून इंग्लंडकडून पुन्हा कधीही खेळले नाहीत.

१९६० चे लॉर्ड्सवरचे प्रकरण तर थेट प्रहसनच आहे. दक्षिण आफ्रिकेचे जेफ ग्रिफिन यांनी तिथे हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच कसोटीत कोपर वाकवून चेंडू फेकल्याबद्दल त्यांना वारंवार नो-बॉल दिले गेले. कसोटी लवकर संपल्याने खेळवलेल्या प्रदर्शनीय सामन्यातही तेच सुरू राहिले, तेव्हा ते हाताखालून चेंडू टाकू लागले. तर पंचांना आधी कळवले नाही म्हणून तोही नो-बॉल! ईलिंगच्या कोणत्याही पटकथाकाराला हे सुचले असते, तर त्याला थोडे आवरते घ्यायला सांगितले असते.

‘कॅरी ऑन’ ही ब्रिटिश विनोदी चित्रपटांची मालिका मला आता कंटाळवाणी वाटते. द्व्यर्थी शेरेबाजीपलीकडे तिच्यात फारसे काही उरत नाही. आपण ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) पासून सुरुवात करावी. वादक असल्याचे सोंग घेऊन एका वृद्धेच्या घरी जमणारे पाच दरोडेखोर तिच्या चहापुढे आणि सभ्यतेपुढे कसे हतबल होतात, हे समजायला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही. ‘द फायनल टेस्ट’ (१९५३) मध्ये लेन हटन, डेनिस कॉम्प्टन असे खरे कसोटीपटू स्वतःच्याच भूमिकेत आहेत, पण चित्रपट संथ आहे. क्रिकेटची गोडी नसेल तर तो खुशाल वगळावा.