दुसरा अल्बम इतका काळोखा का?

प्रश्न : लेफ्टफील्ड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीत जोडीचा ‘लेफ्टिझम’ हा पहिला अल्बम मला अतिशय प्रिय आहे; मात्र इतकी वर्षे वाट पाहायला लावून आलेला ‘रिदम अँड स्टेल्थ’ रूक्ष आणि उदास वाटतो. असे का व्हावे?

उत्तर : नील बार्न्स आणि पॉल डेली यांचा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला, दुसरा १९९९ मध्ये. पहिल्यात हाउस हे क्लबमधले नृत्यसंगीत आणि रेगे व त्यातून निघालेले डब या जमैकन शैली यांचा मेळ असून त्यातील सुरावटी श्रोत्याला कवेत घेतात. दुसऱ्यात मात्र सुरावट मागे सारून जड बास, तुटक ताल आणि ध्वनींमधील मोकळ्या जागा यांवरच भिस्त ठेवलेली आहे, आणि तुम्हाला जाणवलेला काळोख मुख्यतः या रितेपणातून येतो. आधीच्या यशाची नक्कल टाळणे मला तरी धाडसाचे वाटते. श्रोत्यांनीही पाठ फिरवली नाही, कारण हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

आपण तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला असेल, तर मात्र तक्रार थोडी घाईची आहे : तिथे खालच्या पट्टीतील बास जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ सांगाडा. चांगल्या हेडफोनवर, शक्यतो सलग, पुन्हा ऐकून पाहावा.